स्क्रीनवरचा धोटा

मी लिहिलेला पहिला प्रोग्राम वापरणारं माणूस एकच होतं. ती माझी आत्या. तिला जाऊन आता वर्ष होत आलं. तिच्याविषयी लिहायला बसलं की चेहरा लवकर समोर येत नाही. आधी दिसते ती तिची पाठ, तिच्यासमोर हिरव्या अक्षरांचा स्क्रीन, आणि मागे दारात दाटीवाटीने उभे असलेले विणकर. ते सगळे स्क्रीनकडे बघत असतात. काय बघत असतील, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता त्यापेक्षा थोडा उशिरा पडला. पण एकदा पडला तो अजून गेलेला नाही.

आंधळगावात आमच्या घरी दोन माग होते. सत्तरच्या दशकात मी शाळेत जायचो तेव्हा आमच्या आळीत कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणलं जाई आणि दिवसभर धोट्याची खटक-खटक चालू असे. धोटा म्हणजे बाण्याचं सूत घेऊन ताण्याच्या आरपार इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी. तो आवाज आम्हाला वेगळा ऐकू येत नसे. थांबला की मात्र लगेच कळे. आई चुलीपुढे बसून वडिलांना विचारायची, "तुटला काय जी?" सूत तुटलेलंच असे. मागाकडे न बघता तिला त्याची सगळी खबर असायची.

विचारायला बंदी होती ती एकाच गोष्टीची. थान, म्हणजे मागावरचा तागा, किती झालं, हे कोणी विचारायचं नाही. विणलेलं कापड मागाच्या पुढच्या दांड्यावर गुंडाळलं जातं. ते उलगडून कोणी मोजत नसे. मी लहानपणी एकदा विचारलं, तर आत्याने डोक्यावर टपली मारली. "अर्ध काम तोंडानं बोलाचं नसते, बाबू. कोनी इचारलं तं म्हनाचं, चालू हाये." सूत तुटतं म्हणे. तुटत असेल किंवा नसेल, आळीतला प्रत्येक जण "चालू हाये" एवढंच सांगायचा, आणि ऐकणाऱ्याचंही तेवढ्याने समाधान व्हायचं.

आत्याला एकोडीला दिलं होतं, धान पिकवणाऱ्या घरात. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली आणि विणकरांच्या सोसायटीत कामाला लागली. विणकरांना कोशाचं सूत वजन करून द्यायचं आणि तयार कापड जमा करून घ्यायचं, हे तिचं काम. ती राहायची भावाच्या घरी, पण खायची आपल्या कमाईचं, आणि हे कोणी तिला ऐकवण्याआधी तीच ऐकवायची. सोसायटीतल्या तिच्या खुर्चीवर एक लहान गादी होती. कोशाच्या उरल्यासुरल्या चिंध्या भरून तिने ती घरीच शिवली होती. गादी खुर्चीवर असली की बाई जवळपास आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मी नागपूरला शिकून भंडाऱ्याच्या एका लहानशा कार्यालयात लागलो होतो. सोसायट्यांची कामं कॉम्प्युटरवर करता येतात का, हे आम्ही करून बघत होतो, आणि त्यासाठी एक मशीन आंधळगावच्या सोसायटीत आत्याच्या टेबलावर ठेवलं होतं. माझ्या साहेबांनी मला एक इंग्रजी पुस्तिका दिली होती, झेरॉक्सची झेरॉक्स, कडेची अक्षरं कापली गेलेली. प्रोग्रामने माणसाशी कसं वागावं, याचे नियम तिच्यात होते. चित्रांच्या आणि खिडक्यांच्या मोठ्या मशिनींसाठी लिहिलेली ती पुस्तिका मी कादंबरीसारखी वाचली. काम सुरू आहे हे माणसाला दिसलं पाहिजे. थोडा वेळ लागणार असेल तर थांबायची खूण दाखवा, बराच वेळ लागणार असेल तर किती झालं आणि किती उरलं ते दाखवा. खोटी खूण दाखवू नका. तळाच्या ओळीत फार महत्त्वाचं काही लिहू नका, कारण लोक तिथे बघत नाहीत. हे कोणी आणि कसं शोधून काढलं असेल, माणसं स्क्रीनच्या कोणत्या कोपऱ्यात बघतात हे मोजायला ते काय करत असतील, याचा विचार करत मी एसटीत बसून आंधळगावला जायचो.

पुस्तिका इतकी आवडूनही पहिल्या प्रोग्रामात मी तिच्यातलं काहीच घातलं नव्हतं. आधी हिशोब बरोबर आला पाहिजे, बाकी मग, असं वाटत होतं. महिन्यातून एकदा सूतवाटप असे. त्या दिवशी प्रत्येक विणकराने किती सूत नेलं, किती कापड आणलं, हे सगळं तपासून मशीन त्याला पुढे किती सूत द्यायचं ते सांगणार होतं. आत्याने कळ दाबली. स्क्रीनवर अक्षरं होती तशीच राहिली. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी काही हललं नाही. मी बाहेर कोणाशी तरी बोलत होतो. आत आलो तेव्हा आत्याने भिंतीवरचं बटण बंद केलेलं होतं.

"काहून बंद केलं, आत्या?"

"मेलं होतं थे," ती म्हणाली. "किती वेळ पाहू त्याच्याकडं? ना हू ना चू."

सोसायटीचे अध्यक्ष तिथेच होते. दिसायला जाडजूड, आवाज त्याहून जाड. "बाई," ते म्हणाले, "मशीन सरकारचं हाये. तुमची शिगडी नाई, मनात आलं की इझवाले." लोक हसले. अध्यक्षांचा जावई मोहाडीला टायपिंग शिकलेला होता आणि बरेच दिवस रिकामा होता. दसऱ्याच्या आधीच्या वाटपापर्यंत बाईंना मशीन जमलं तर ठीक, नाहीतर त्या खुर्चीवर जावईबापू बसतील, असं समितीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्या वाटपाच्या आधी अजून दोन वाटपं मध्ये होती.

संध्याकाळी निघताना आत्याने खुर्चीवरची गादी उचलली, काखेत घेतली आणि भर बाजारातून घरी आणली. पुढे ती नुसत्या लाकडी खुर्चीवर बसू लागली. "टोचत नाई का?" मी विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थान किती झालं तेच पुन्हा विचारलं होतं.

आता मी पुस्तिका नीट उघडली. वेळ बराच लागणार, म्हणजे किती झालं ते दाखवायचं. स्क्रीनच्या खालच्या भागात मी एक पट्टी केली. एकेका विणकराचा हिशोब झाला की पट्टीत एकेक चौकोन भरायचा. मशीनला देवनागरी येत नव्हती, म्हणून वर रोमन अक्षरांत मराठी शब्द लिहिले, हिशोब सुरू आहे, बंद करू नका. आत्या सातवी शिकलेली होती. तेवढी अक्षरं तिला लागत होती. कार्यालयात करून पाहिलं तेव्हा पट्टी धानाच्या शेतातल्या बांधीत पाणी चढावं तशी सरसर भरत गेली. मी स्वतःवर खूश होतो.

पुढच्या वाटपाला मी मुद्दाम हजर राहिलो. आत्याने कळ दाबली आणि चौकोन भरायला लागले. मागे कुजबुज झाली, मग शांतता, मग पुन्हा कुजबुज. सगळ्यांना पट्टीचा अर्थ न सांगता कळला होता. मी मनाशी म्हटलं, पुस्तिका लिहिणाऱ्यांनी हे बघायला हवं. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर पट्टी थांबली. एका विणकराच्या नोंदी फार होत्या. तो थोडं थोडं कापड पुन्हा पुन्हा आणून द्यायचा. त्याचा हिशोब व्हायला वेळ लागणारच होता. मला ते माहीत होतं, म्हणून मी निवांत होतो.

मागचे लोक निवांत नव्हते. ते रांगेने नावं मोजू लागले होते.

"याच्या पावतर आलं, मंग त्याच्या, आन मंग…" एकजण म्हणाला आणि रांगेत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या विणकराकडे वळला. "काका, तुमच्यापाशी येऊन अडकलं."

"बुढा मशीनले बी जड झाला," दुसरा म्हणाला.

"सूत इकलं असन कुठं. मशीनले समजते सारं."

हे थट्टेतच होतं. म्हातारा पण हसला आधी. पट्टी हलेना तसं त्याचं हसणं ओसरलं. त्याने डोक्याचा दुपट्टा सोडला, पुन्हा बांधला, आणि सूत न घेताच निघून गेला. तो फाटकाबाहेर पडेपर्यंत पट्टी पुढे सरकली आणि भराभर संपली. हिशोब बिनचूक आला होता. माझ्या पाठीवर थाप पडली. म्हाताऱ्याच्या वाट्याचं सूत टेबलावर तसंच राहिलं. संध्याकाळी आत्या ते स्वतः त्याच्या घरी देऊन आली.

महिन्याभराने भंडाऱ्याला निरोप आला की मशीन पुन्हा बंद पडलं, लवकर ये. मी पहिली गाडी पकडली. दसऱ्याआधी आता एकच वाटप उरलं होतं.

मशीनला काहीही झालेलं नव्हतं. स्क्रीनच्या खालच्या भागावर मात्र आत्याने भरतकाम केलेला एक रुमाल लावला होता, वर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी. आमच्याकडे तेव्हा रेडिओवर, टीव्हीवर असे रुमाल असायचेच, त्यामुळे तो कोणाला खटकला नव्हता. रुमालावर दोन पोपट होते. त्या पोपटांच्या मागे माझी पट्टी होती आणि तिच्यावरची 'बंद करू नका' ही ओळही. वाटपाच्या वेळी जावईबापू बघायला आले, वर नुसती थिजलेली अक्षरं दिसली, आणि मशीन मेलं म्हणून त्यांनी बटण दाबून टाकलं. सगळा हिशोब हाताने करावा लागला होता. दोष अर्थात रुमालाचा, म्हणजे आत्याचा ठरला.

"रुमाल कायले लावला?" मी विचारलं.

"धूळ बसते."

"खालीच बसते काय?"

ती कोशाच्या लड्या सारख्या करत राहिली. लड्यांकडेच बघत ती म्हणाली, "त्या बुढ्याचा चेहरा तू पायला नाई. तू पट्टी पाहून राहिला होता."

मग ती जरा सविस्तर बोलली, तिच्या मानाने. "तुही पट्टी अर्ध काम बोलून दाखवते. मले एकटीले दाखवलं असतं तं चाललं असतं. पन मांगं सारं गाव उभं रायते ना, बाबू. जिथं थांबलं तिथं कोनाचं तरी नाव निंगते. आज त्याचं निंगलं, उद्या कोनाचं निंगन?"

"पन रुमालानं तुही खुर्ची जाते, आत्या."

"जाऊ दे तं मंग," ती म्हणाली. पण लडीची गाठ सोडवताना तिची बोटं चुकली, हे मी पाहिलं.

परतीच्या गाडीत मी पुस्तिका काढली. वापरणारा, वापरणारा, असं तिच्यात पानोपानी होतं, आणि तो प्रत्येक वेळी एकटा होता. एक टेबल, एक खुर्ची, एक माणूस. त्याच्या पाठीमागे खोली आहे, दार आहे, दारात लोक आहेत, हे कुठेच नव्हतं. मग प्रोग्राम आपली खबर नक्की कोणाला सांगतो? कळ दाबणाऱ्याला, की बघणाऱ्या सगळ्यांना? आणि एकच खबर दोघांना सारखीच पोचते का? मला राग वगैरे आला नव्हता. उलट नवीन धडा हाती लागल्यासारखं वाटत होतं. मोहाडीचा आठवडी बाजार होता. गाडी बराच वेळ तिथे उभी राहिली. कंडक्टरला कोणी विचारलं, "किती वेळ?" तो म्हणाला, "निंगूनच राहिली." सगळे पुन्हा गप्प बसले. गाडी काही निघत नव्हती, पण ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवलं होतं आणि त्या थरथरण्यावर आम्ही सगळे विश्वासून होतो.

पुस्तिका परत चाळली तेव्हा एक छोटा परिच्छेद सापडला. किती उरलं ते सांगता येत नसेल तर निदान काम चालू आहे एवढं हलत्या खुणेने दाखवा, असं त्यात होतं. आमच्याकडे सांगता येत होतं, सांगायचं नव्हतं, एवढाच फरक.

मी पट्टी काढून टाकली. तिच्या जागी, पण स्क्रीनच्या मधोमध, दोन उभ्या रेघा काढल्या आणि त्यांच्यामध्ये दोन कंसांचा एक धोटा केला. एक नोंद तपासून झाली की धोटा एक घर पुढे जायचा; दुसऱ्या रेघेला लागला की परत फिरायचा. नुसता फिरवत ठेवणं सोपं होतं, पण मग आत हिशोब अडकला तरी तो फिरतच राहिला असता. ते खोटं झालं असतं. हा धोटा काम झालं तरच हलत होता. म्हाताऱ्याच्या नोंदी जास्त, म्हणून त्याच्या हिशोबात तो उलट जास्त फेऱ्या मारणार होता, आणि त्या कोणाच्या नावाच्या आहेत हे बघणाऱ्याला कळणार नव्हतं.

आत्याला नेऊन दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं. "मुका हाये," ती म्हणाली.

"आवाज करू नये असं पुस्तकात हाये."

"पुस्तकवाल्याले सूत नसन तोलाचं. मी इकडं तराजू पाहू का तिकडं?"

मी प्रत्येक वळणाला एक बारीक टक घातला. साध्या स्पीकरमधून तो नखाने डबा वाजवल्यासारखा यायचा.

दसऱ्याआधीच्या वाटपाला अख्खी समिती आली. जावईबापू धुतलेला शर्ट घालून आले होते आणि खुर्चीच्या जवळच उभे होते. म्हातारा विणकर रांगेत शेवटी, भिंतीला टेकून. आत्याने कळ दाबली आणि स्क्रीनकडे पाठ करून तराजूपाशी गेली.

टक. टक. टक.

"हे काय वाजून राहिलं?" अध्यक्ष म्हणाले.

"चालू हाये," आत्या म्हणाली.

"किती झालं?"

तिने तराजूत पुढची लडी ठेवली. रांगेतूनच कोणीतरी बोललं, "अध्यक्षसाहेब, मागावरचं थान हाये थे, इचारू नका." हसू फुटलं, आणि या वेळी ते अध्यक्षांवर होतं. लोकांनी धोट्याकडे पाहिलं, दोन-चार फेऱ्या पाहिल्या, मग त्यांचा त्यातला रस संपला. ते धानाचं, पोळ्याला कोणाची बैलजोडी बुजली त्याचं बोलू लागले. कोणी नावं मोजली नाहीत.

मध्येच आवाज थांबला.

बोलणं थांबायच्या आत आत्याने मान वळवली. जावईबापूंचा हात भिंतीवरच्या बटणाकडे निघाला होता. "हात लावू नका, जवाईबापू," ती शांतपणे म्हणाली, "सूत तुटलं तं माग जाळत नाई कोनी." तिने स्क्रीनवरचं वाचलं. दुसरी फ्लॉपी घाला, असं लिहिलेलं होतं. जुन्या नोंदी दुसऱ्या फ्लॉपीत होत्या. आधीच्या पट्टीवेळीही ती बदलावी लागली होती. तेव्हा ते मी गुपचूप केलं होतं. आता मी जागेवरून हललो नाही. तिने ड्रॉवर उघडला, फ्लॉपी काढली, कोणती बाजू वर ते एकदा पाहून घेतलं, आणि आत सरकवली. काही क्षण काहीच नाही. मग टक.

ती परत तराजूकडे वळली.

हिशोब संपला तेव्हा धोटा नुसताच नाहीसा झाला. तयार आकड्यांवरून तिने एकेकाला सूत दिलं. शेवटी म्हातारा आला, दुपट्ट्यात लड्या बांधून घेतल्या आणि विचारलं, "बाई, मह्या बारीले थांबलं का बा कुठं?"

"तुमच्या बारीले लय पळालं," आत्या म्हणाली.

अध्यक्षांनी मशीनभोवती एक फेरी मारली, जणू त्यांनीच ते विणलं होतं. मग जावयाला म्हणाले, "चला, तुमच्यासाठी पाहू दुसरीकडं." एवढाच निकाल. बाकी कोणी काही जाहीर केलं नाही.

घरी जाताना मला वाटलं आत्या काहीतरी बोलेल. तिने विचारलं ते वेगळंच. "तुह्या पुस्तकात अजून काय काय हाये?" मी सांगत गेलो. चूक झाली तर माणसाला दोष देऊ नये, काय झालं ते साध्या शब्दांत सांगावं. "बरं हाये," ती म्हणाली. काम संपलं की संपलं म्हणून सांगावं. त्यावर ती थांबली. "मंग तुहा धोटा कायले उगाच गायब होते? झालं तं झालं म्हनाव त्याले. लोकं उभेच होते ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भंडाऱ्याच्या गाडीसाठी निघालो तेव्हा ती सोसायटीकडे चालली होती. काखेत गादी होती. मधल्या दिवसांत तिने ती धुतली होती, एक कोपरा उसवला होता तो शिवून घेतला होता. खुर्ची आपलीच राहणार की नाही, हे ती इतके दिवस कोणाशी बोलली नव्हती, माझ्याशीसुद्धा नाही. बाजारातल्या लोकांनी गादी पाहिली आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. पुढच्या वेळी मी हिशोब संपल्यावर धोट्याच्या जागी येईल असा 'झालं' हा शब्द घातला. तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

ती गादी आता माझ्याकडे आहे. फार पातळ झाली आहे, आणि तिच्यातल्या चिंध्या एका बाजूला सरकल्या आहेत. मी ती अजून खुर्चीवर घातलेली नाही. हे लिहिताना ती टेबलाच्या कडेला ठेवलेली असते. घरातले विचारतात, लिहून किती झालं. मी सांगतो, चालू आहे.